क्लीनर गेला, तर चाळिशीनंतरचा ड्रायव्हर शिकणार कुठे?

ठाणे : रात्री दहानंतर कोपरीच्या पुलावर उभं राहिलं की जिल्ह्यातली अर्धी मालवाहतूक डोळ्यांसमोरून जाते. नाशिककडून आलेले कंटेनर, भिवंडीच्या गोदामांतून भरून निघालेले आयशर, विटा-रेतीच्या गाड्या. सगळ्या माजिवडा, तीन हात नाका करत याच पुलावरून आनंदनगर नाक्याकडे, म्हणजे मुंबईत उतरतात. पूर्वी इथे महामार्ग आठ पदरी आणि रेल्वेवरचा पूल चार पदरी अशी गळचेपी होती. २०२१ ते २०२३ दरम्यान नवा पूल टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि ती सुटली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून नाक्यावर हलक्या गाड्यांचा टोलही माफ झाला. अवजड गाड्यांचा मात्र चालूच आहे.

रस्ता रुंद झाला, गोदामं वाढली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरचा माल थेट भिवंडी तालुक्यात येऊ लागला. पण या गाड्या चालवणार कोण? देशात २२ लाख प्रशिक्षित ड्रायव्हरांची कमतरता आहे, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच संसदेत सांगितलं आहे. हा आकडा ऐकून शहापूर, मुरबाड, भिवंडी तालुक्यांत चाळिशी ओलांडलेल्या अनेकांच्या मनात एक विचार येतो. कंपनी बंद पडली, शेती भागत नाही, लूम थंड आहेत. मग हेवी लायसन काढून ट्रकवर का बसू नये?

विचार चुकीचा नाही. अडचण आहे ती शिकण्याची.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण यात गावोगावी बराच गोंधळ आहे. मालवाहू गाडी चालवायला किमान वय २० वर्षं लागतं. वरची मर्यादा कायद्यात नाही. पंचेचाळीसचा माणूसही शिकू शकतो, पन्नासचाही. पूर्वी आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. हरयाणातल्या मेवात भागातून ही मागणी आली होती; तिथे पिढ्यान् पिढ्या ट्रक चालवणारे लोक शाळेच्या दाखल्याअभावी अडकत होते. बॅज लागतो का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. बॅज प्रवासी वाहतुकीसाठी असतो, मालाच्या गाडीला नाही.

खरी अट वेगळीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७ प्रमाणे ट्रान्सपोर्टचं लर्निंग लायसन मिळण्याआधी हलक्या गाडीचं, म्हणजे कार-जीपचं पक्कं लायसन किमान एक वर्ष हातात असावं लागतं. ज्याच्याकडे आज काहीच नाही, त्याने लर्निंग काढायचं, तीस दिवस थांबायचं, कारची टेस्ट द्यायची, मग वर्षभर वाट बघायची, मग हेवीचं लर्निंग, मग ट्रेनिंग, मग टेस्ट. सगळं सुरळीत झालं तरी सव्वा वर्ष धरावं. ‘दोन महिन्यांत हेवी लायसन हातात’ असं कोणी एजंट सांगत असेल तर त्याला आधी कारच्या लायसनची तारीख विचारावी.

त्यात डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म १-ए. चाळिशीनंतर हा कागद नुसता सही-शिक्क्यापुरता घेऊ नये. या वयात साखर आणि रक्तदाब सुरू होतात आणि ते बहुतेकांना माहीतही नसतं. जवळचं वाचायला चष्मा लागतो हे माणूस मान्य करतो. पण समोरून येणाऱ्या गाडीच्या लाइटने डोळे दिपतात आणि पुढची काही क्षणं रस्ता नीट दिसत नाही, हे तो कोणाला सांगत नाही. शहरात दिवसाच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना अटकाव असतो, त्यामुळे ट्रकचं निम्मं काम रात्रीचं आहे. डोळे तपासायचे ते लायसनसाठी नव्हे, रात्रीसाठी.

आता मुख्य मुद्दा. ट्रेनिंग.

नियमानुसार ट्रान्सपोर्ट लायसनसाठी ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, फॉर्म ५, लागतो. ट्रेनिंग किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास, असं नियमात लिहिलं आहे. पंधरा तास! भरलेल्या दहा टायरच्या गाडीला ब्रेक मारल्यावर ती किती लांब जाऊन थांबते, घाटात कोणता गिअर टाकायचा, उतारावर न्यूट्रल केलं तर एअर ब्रेकचं काय होतं, मागे घेताना डावीकडच्या आरशात न दिसणारी जागा किती मोठी असते, हे सगळं पंधरा तासांत. तेही तालुक्याच्या गावात ड्युएल कंट्रोलचा ट्रक असलेलं स्कूल सापडलं तर. बहुतेक ठिकाणी दारात एक छोटी कार उभी असते आणि बोर्डावर ‘हेवी’ लिहिलेलं असतं. मग दाखला कसा तयार होतो, हे या भागात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. देशातली तीस टक्के लायसन बोगस आहेत, हेही गडकरींनीच जाहीरपणे म्हटलं आहे.

तरीही इतकी वर्षं ट्रक चालत आले, कारण खरी शाळा स्कूलमध्ये नव्हतीच. ती केबिनमध्ये होती. पोरगा सोळा-सतराव्या वर्षी क्लीनर म्हणून चढायचा. टायर तपासायचा, ताडपत्री बांधायचा, मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडायचा, उस्तादाच्या शिव्या खायचा. चार-पाच वर्षांनी रिकाम्या रस्त्यावर रिकामी गाडी त्याच्या हातात यायची. कसारा घाट शंभर वेळा डाव्या सीटवरून बघितल्यावर तो पहिल्यांदा उजव्या सीटवरून उतरवायचा. ही पद्धत चांगली होती असं म्हणायचं कारण नाही. तिच्यात शोषण होतं, कोवळी पोरं राबवली जात होती आणि उस्तादाच्या वाईट सवयीही पुढे जात होत्या. पण पंधरा तासांच्या नियमाची उणीव तीच भरून काढत होती.

ती शाळा आता मोडते आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात संप केला. त्यांच्या मागण्यांत अवजड गाडीवर क्लीनर ठेवण्याची सक्ती काढा, हीसुद्धा होती. त्याच वर्षी राज्य सरकारने ड्रायव्हरला मदत करणारी कॅमेरा-सेन्सर यंत्रणा बसवलेल्या गाड्यांना क्लीनरमधून सूट देण्याचा मसुदा काढला. मालकाच्या बाजूने बघितलं तर मागणी रास्त आहे. क्लीनर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि नसला की चलन फाटतं. रस्त्यावर बघितलं तर बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर केव्हाचा एकटाच आहे.

पण चाळिशीनंतर या धंद्यात येणाऱ्याचं काय? तो क्लीनर होऊन पाच वर्षं काढू शकत नाही. घरात मुलांची फी आहे, हप्ता आहे. कल्याणजवळ मोहने-आंबिवलीचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले कामगार एकदम रस्त्यावर आले. अशा माणसाला शिकायला वेळ कमी असतो आणि चुकीची किंमत जास्त. विशीतला पोरगा धडपडला तर उभा राहतो. पंचेचाळीसचा माणूस पहिल्याच वर्षी अपघातात सापडला तर घर बसतं.

परदेशातही हे वय धंद्यात येतं. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ड्रायव्हरांअभावी दुकानांची फळ्या-कपाटं रिकामी पडली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा तिथल्या सरकारने मोठ्या माणसांसाठी फुकट ट्रक-ट्रेनिंगचे वर्ग काढले. युरोपात तर काम करत असलेल्या ड्रायव्हरलाही दर पाच वर्षांनी ३५ तासांचं ट्रेनिंग पुन्हा घ्यावं लागतं. म्हणजे तिथल्या मुरलेल्या ड्रायव्हरची उजळणी आपल्या नवख्याच्या शिक्षणाच्या दुप्पट.

आपल्याकडे कागदावर उपाय आहे. केंद्राने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नियम लागू केले. त्यात अवजड गाडीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांचा आहे. सिम्युलेटर हवा, टेस्ट ट्रॅक हवा. तिथून पास झालेल्याला आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. देशभर अशा १,६०० संस्था उभ्या करायला साडेचार हजार कोटींची योजनाही केंद्राने जाहीर केली आहे. मग अडतं कुठे? अवजड गाडीच्या सेंटरला दोन एकर जागा लागते. कोपरीत किंवा ठाण्यात दोन एकर कोण देणार? जागा आहे ती शहापूर, मुरबाडकडे, आणि शिकायला येणारा माणूसही तिथलाच. सेंटर तिकडे व्हायला हवं, ही मागणी तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी लावून धरण्यासारखी आहे. रस्त्याच्या उद्घाटनाइतका मोठा फोटो निघत नाही म्हणून ती मागे पडत असावी.

दुसरी गोम शिकवणाऱ्याची. नियमाप्रमाणे या सेंटरचा ट्रेनर बारावी पास आणि पाच वर्षांच्या अनुभवाचा हवा. शहापूरच्या पाड्यांत तीस-तीस वर्षं कसारा आणि माळशेज उतरवलेले म्हातारे ड्रायव्हर खाटेवर बसून आहेत. त्यांतले बारावी झालेले किती निघतील? ड्रायव्हरला आठवीची अट नको म्हणणाऱ्या सरकारने उस्तादाला बारावीची अट घातली आहे. वर्गात नियम शिकवायला शिकलेला माणूस हवा हे खरं, पण घाटातल्या गिअरसाठी या म्हाताऱ्यांना सोबतीला बसवायची सोय नियमात करता आली असती.

सेंटर होईपर्यंत काय करायचं? सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला दिलेला निकाल इथे कामाचा आहे. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्ट शिक्का लागत नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप आणि काही लहान टेम्पो. आयशर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांत काही या मर्यादेच्या आत बसतात, काही बाहेर, म्हणून नावावर जाऊ नये, आरसीवरचं ‘जीव्हीडब्ल्यू’ बघावं. ते गाडी आणि माल मिळून होणारं वजन असतं. साडेसात ते बारा टन मध्यम, त्याच्या वर हेवी.

उशिरा शिकणाऱ्याला हीच खरी पायरी आहे. कलम ७ प्रमाणे वर्षभर थांबायचंच आहे, तर ते घरी बसून का? माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे इथल्या गोदामांतून लहान गाड्यांचा माल रोज सुटतो. वर्ष-दोन वर्षं पिकअपवर काढली की गाडी भरणं, खाली करणं, ई-वे बिल, चलन, गोदामाच्या दारातली तासन् तास रांग, हे सगळं अंगवळणी पडतं, आणि हा धंदा आपल्याला झेपतो का हेही कळतं. कंपनीची सवय असलेल्याला सगळ्यात जास्त त्रास रांगेचाच होतो, असं गाडीमालक सांगतात. शिफ्ट आठ तासांनी सुटत नाही. आठ तासांची हद्द मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातच लिहिलेली होती, पण फेरीवर पैसे घेणाऱ्या ड्रायव्हरला तिचा उपयोग झाल्याचं फारसं ऐकिवात नाही.

मोबदल्यात सरळ तोटा होतो तो घाईने स्वतःचा ट्रक घेणाऱ्याचा. समृद्धीच्या किंवा बडोदा महामार्गाच्या भूसंपादनाचा पैसा हातात आला की गाडी घ्यायचा मोह होतो. पण गाडीच्या वर्गाचं लायसन नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मालकच ड्रायव्हर असेल तर त्याच्या स्वतःच्या १५ लाखांच्या अपघात विम्यालाही वैध लायसनची अट आहे. जमीन गेली, गाडी गेली आणि वर वसुली, अशी पाळी येऊ शकते.

अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) वरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. ठाण्यातही पंपांवर रांगा लागल्या. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, ते कलम तेवढं सरकारने थांबवून ठेवलं. ते रद्द झालेलं नाही, हे नव्याने येणाऱ्याने ध्यानात ठेवावं. जमावाच्या भीतीने ड्रायव्हर पळतो हे खरं असलं, तरी पोलिसांना किंवा ११२ ला फोन करणं हे पहिलं काम, आणि ते कोणतंही स्कूल पंधरा तासांत शिकवताना दिसत नाही.

चांगलंही काही घडतंय. २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. मेच्या उन्हात इंजिनाच्या भट्टीशेजारी बसून पन्नाशीचा माणूस चालवणार असेल तर ही चैन नाही. फक्त ही सक्ती नव्या गाड्यांना आहे. उशिरा शिकून आलेल्याच्या हातात मालक पहिली गाडी देतो ती बहुधा दहा वर्षं जुनी.