हे कशावरून?

गेल्या महिन्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावाचून या वेळच्या सदरात पुढचे काही लिहिणे बरे दिसणार नाही.

प्रकाशात आम्ही दर रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या मुलांना घेऊन पुस्तके वाचत बसतो. मराठी आणि उर्दू, दोन्ही. आमच्या पेटीतली सगळ्यांत लवकर फाटणारी पुस्तके कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: वाहनांची. रेल्वे, जहाज, विमान, ट्रॅक्टर. गोष्टींची पुस्तके वर्षभर कोरी राहतात, पण ट्रॅक्टरच्या पुस्तकाचा पुठ्ठा दोन महिन्यांत निघतो. म्हणून सुरतेला गेलो की आम्ही अशी पुस्तके पाहून ठेवतो. या खेपेला एक उर्दू पुस्तक मिळाले, रंगीत चित्रांचे, दळणवळणाच्या इतिहासावरचे. त्यात एका पानावर पंख लावलेला माणूस होता आणि खाली लिहिले होते की जगात सर्वांत आधी हवेत उडणारा माणूस अंदलुसचा अब्बास इब्न फिरनास होता. आम्ही ते पान मोठ्या आवाजात, थोडे छाती फुगवूनच वाचले.

सातवीतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या अब्बांचे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर गॅरेज आहे. म्हणाला, "सर, हे कशावरून?"

आम्ही म्हटले, पुस्तकात लिहिले आहे.

"पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं?"

बाकीची मुले हसली. आम्हाला ते हसणे झोंबले आणि आम्ही त्याला खाली बसवले. वर असेही म्हणालो की मोठ्यांनी लिहिलेल्यावर अशी शंका घेणे बेअदबी आहे. पोर गप्प बसले. संध्याकाळी त्याचे अब्बा त्याला घेऊन दारात हजर. "गुरुजी, ह्यानं तुमच्याशी जबान चालवली म्हणे. माफी माग रे." मुलाने मान खाली घालून माफी मागितली. अब्बा जाता जाता बोलले ते असे, "तसंही शाळेत काय दिवे लावतोय? पुढच्या वर्षी गॅरेजात घेतो. पाना धरता येतो त्याला."

ती रात्र आम्हाला नीट झोप लागली नाही. पोराने विचारले होते तरी काय? ज्या प्रश्नावर आपल्या बुजुर्गांनी आयुष्ये घालवली, तोच प्रश्न. इमाम बुखारी एकेका हदीसचा पत्ता लावत बुखाऱ्यापासून हिजाज, इराक, शाम, मिसरपर्यंत फिरले. कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले, तो माणूस कसा होता, दोघांची भेट होणे शक्य होते का. सनद जुळली नाही की मजकूर कितीही गोड असो, तो बाजूला. आलेली खबर तपासून घ्या, ही ताकीद तर सूरह हुजुरातमध्येच आहे. आणि आम्ही, बीएड झालेले, एका पोराला त्याच सवालासाठी बेअदब ठरवून मोकळे झालो. गंमत म्हणजे हदीससाठी सनद मागणारे आपण मोबाईलवर आलेला इतिहास मात्र सनदेवाचून गिळतो आणि वीस जणांना पुढे पाठवतो.

मग आम्ही इब्न फिरनासचा शोध घ्यायला बसलो. माणूस खरा आहे. नवव्या शतकात कुर्तुब्यात राहत होता, काच आणि तारे यांविषयी त्याला मोठी जाण होती, 887 साली वारला. त्याच्या उड्डाणाचा सविस्तर वृत्तान्त मिळतो तो अल-मक्करी या इतिहासकाराच्या ग्रंथात. अल-मक्करी सतराव्या शतकातले, म्हणजे मध्ये जवळपास साडेसातशे वर्षे गेली. त्यांनी आधार दिला आहे तो इब्न फिरनासच्याच काळातल्या एका शायराच्या ओळीचा. वृत्तान्त म्हणतो की तो पिसे लावून काही अंतर गेला, पण उतरताना पाठीला मार बसला, कारण शेपटीचा विचार त्याने केला नव्हता. म्हणजे काहीतरी घडले असावे. पण 'जगातले पहिले उड्डाण' असे छातीठोक छापण्याइतका तो पुरावा भरत नाही.

हे फक्त आपल्या घरात होते असे कोणी समजू नये. मराठी बालपुस्तकांत शिवकर बापूजी तळपदे यांचे विमान असेच उडत असते. 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे. तळपदे विमानाच्या मागे लागलेले होते, त्यांनी खटपट केली, यात शंका घ्यायचे कारण नाही. पण ते विमान उडाल्याचा त्या काळातला भक्कम पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला दिला जातो, त्यातल्या विमानांची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 साली तपासणी केली आणि अशी विमाने उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. दोन्हीकडच्या पोरांना आपण एकच खाऊ देतो, कागद तेवढा वेगळा.

आणि राइट बंधू? 17 डिसेंबर 1903. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे, एकशे वीस फूट. पाच जण पाहायला हजर होते. त्यांतल्या एकाने, जॉन डॅनियल्स नावाच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाने, त्या क्षणी फोटो काढला. त्याआधी त्याने कॅमेरा कधी हाताळलेला नव्हता! तो फोटो आजही आहे. 'कशावरून?' याचे उत्तर असे असते.

पुढच्या रविवारी मुलगा आलाच नाही. आम्ही स्वतः गॅरेजवर गेलो. तो जॅकखाली आडवा होता. त्याच्या अब्बांसमोर आम्ही त्याला म्हटले की चूक तुझी नव्हती, आमची होती. अब्बा थोडे चकित झाले. मग आम्ही सोबत आणलेले चित्र काढले: अल-जझरी यांच्या ग्रंथातला पाणी चढवणारा पंप. हे गृहस्थ दियारबकरच्या सुलतानाच्या पदरी कारागीर होते. 1206 साली त्यांनी यंत्रांचे पुस्तक पुरे केले, प्रत्येक यंत्राचे चित्र आणि ते कसे बनवायचे याच्या तपशिलासह. त्याची जुनी हस्तलिखिते आजही ग्रंथालयांत जपलेली आहेत. या पंपात वाहत्या पाण्याने चाक फिरते आणि समोरासमोरचे दोन दट्टे आलटून पालटून पुढेमागे होतात.

मुलाने चित्र उजेडात धरले, तिरके केले, ग्रीसचा अंगठा कडेला उमटवला. "सर, हे तर पिस्टन!" मग जरा वेळाने, "पण उलटं आहे. इंजिनात पिस्टन चाकाला फिरवतो. इथं चाक पिस्टनला ढकलतंय."

आम्ही ते चित्र कितीदा पाहिले असेल, पण हे आमच्या ध्यानात आले नव्हते. लगेच हेही सांगून टाकतो की त्यावरून 'मोटारीचे इंजिन अल-जझरींनी शोधले' असे कोणी पसरवू नये. त्यांनी पाणी चढवले. तेवढे पुरेसे मोठे आहे, आणि ते पुराव्यासकट आपले आहे. अब्बा हातातला पाना बाजूला ठेवून चित्रावर वाकले होते. पुढच्या वर्षीचे काय, हे ते अजून बोललेले नाहीत. आम्हीही विचारलेले नाही. पण मुलगा रविवारी येतो, आणि दोनदा अब्बांनीच त्याला मोटारसायकलवर आणून सोडले.

आता पुस्तकांविषयी, कारण पुष्कळ अम्मी-अब्बा विचारतात की कोणते घ्यावे. वाहनांचे पुस्तक घेताना आधी लेखकाचे नाव पाहा. जत्रेत आणि बसस्थानकावर मिळणाऱ्या चकचकीत पुस्तकांवर बहुधा नावच नसते. ज्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, ते मुलाच्या हाती का द्यावे? मग साल आणि मापे आहेत का ते पाहा. 'फार पूर्वी', 'खूप मोठे' असे लिहिणाऱ्याने बहुधा तपासलेले नसते. यंत्राचे पोट उघडून दाखवणारे चित्र असेल तर किंमत थोडी जास्त पडली तरी घ्या. आणि आमची एक जुनी तक्रार: बस म्हणून लंडनची दुमजली लाल गाडी काढतात, ज्या पोराने आयुष्यात फक्त एसटी पाहिली त्याच्यासाठी. आपली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला पहिल्यांदा धावली, हे त्या पुस्तकात नसते. पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि उर्दू बालपुस्तके फुकट आहेत, आणि मराठी विश्वकोशही आता मोबाईलवर वाचता येतो. विश्वकोशाची भाषा पोराला जड जाईल. तेव्हा शेजारी बसून तुम्ही सोपी करून सांगा.

पण सगळे विकत मिळत नाही. आम्ही राहतो तो मुलूखच वाटसरूंचा आहे. आमच्या गावी तापी-गोमाईच्या संगमापाशी 1955 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले. त्यांना तळच्या थरांत माळव्याच्या धर्तीची भांडी मिळाली आणि त्यावर जोर्वे पद्धतीची. जोर्वे कुठे, तर पार संगमनेरकडे! साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसे, भांडी, निदान भांडी घडवायची कला तरी इतक्या लांबून इथवर आली. कशात बसून आली? तेव्हाची गाडी कशी असेल याची कल्पना करायची तर प्रवरेकाठच्या दायमाबादला जावे लागते. तिथे 1974 साली भिल्ल समाजातल्या एका माणसाला खणताना काशाचा रथ सापडला, पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, दोन बैल जुंपलेले आणि हाकणारा उभा. आमच्या शाळेतल्या भिल्ल मुलांना हे सांगितले तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता. त्यांच्या समाजाचे नाव वाहनांच्या इतिहासात येते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

शेजारचे नंदुरबार तर इब्न बतूतांनी पाहिलेले आहे. चौदाव्या शतकात दौलताबादहून खंबायतकडे जाताना ते तिथून गेले, आणि तिथल्या मराठा लोकांची कारागिरी व वैद्यकी त्यांनी लिहून ठेवली. 1615 साली इंग्रज वकील टॉमस रो याच वाटेने सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला. मुघलांच्या काळात हजचे जहाज पकडायचे ते सुरतेला, म्हणून त्या बंदराला मक्केचा दरवाजा म्हणत. बऱ्हाणपूरकडचे हाजी बैलगाड्यांच्या तांड्यांबरोबर आमच्याच खोऱ्यातून तिकडे जात. पुढे 1900 च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी खोऱ्याची रेल्वे झाली आणि गाड्यांचे तांडे थांबले.

आमच्या नानी सत्तरच्या दशकात हजला गेल्या त्या जहाजानेच, पण मुंबईहून. 'अकबर' असे जहाजाचे नाव होते. 1995 नंतर जहाजे बंदच झाली. नानी सांगायच्या की पहिले दोन दिवस सगळ्या बाया आडव्या, कोणाच्या पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी मात्र डेकवर बसून लोणच्याच्या बरण्या उघडल्या, आणि रत्नागिरीच्या बाईने खान्देशी ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आणले. हे कोणत्या पुस्तकात मिळेल?

म्हणून आम्ही मुलांची एक वही सुरू केली आहे. डाव्या रकान्यात वाहन, मधल्या रकान्यात कोणी वापरले आणि कसे चालत होते, आणि उजव्या रकान्यात 'कशावरून'. पहिली नोंद आमचीच, नानींच्या जहाजाची. उजवा रकाना भरायला ट्रंक उपसली तेव्हा तळाशी त्यांचा हजचा पास निघाला, फोटोसकट. दुसऱ्या एका मुलीने आजोबांच्या छकड्याचे आरे मोजून लिहिले, बारा, कारण चाक अजून गोठ्यात पडून आहे. एकाने लिहिले की आपल्या पणजोबांकडे घोडा होता आणि तो सारंगखेड्याच्या यात्रेत घेतला होता. त्याचा उजवा रकाना रिकामा आहे. बाकीची मुले त्याला दर रविवारी आठवण करून देतात.

गॅरेजवाल्या मुलाची नोंद तापीवरची आहे. त्याच्या दादाजानांनी सांगितले की पूल नव्हता तेव्हा नावेतून बैलगाडी पलीकडे नेत, चाके काढून आडवी टाकत आणि बैल पोहत येत. त्याने उजव्या रकान्यात आधी 'दादाजान' लिहिले, मग खोडले, मग पुन्हा लिहिले आणि पुढे कंसात टाकले: स्वतः पाहिले की ऐकले, ते विचारायचे आहे.