तार किलोवर घेऊ नका, जस्तावर घ्या



खरड छाटणी झाली की नवीन मांडवाची आणि जुन्या बागेच्या डागडुजीची कामं निघतात. दुकानात गेलो की आपला पहिला प्रश्न एकच असतो, "तार काय किलो?" माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. तारेतलं लोखंड सगळीकडं साधारण सारखंच. बाग किती वर्ष उभी राहणार हे ठरतं त्या लोखंडावरच्या जस्तावर, आणि त्याचा आकडा आपण कधी विचारत नाही.

मुलांच्या दहावीच्या विज्ञानात धातूंची क्रियाशीलता श्रेणी आहे. आपणही ती घोकून पास झालो आणि विसरलो. तिचा आपल्या कामाचा तुकडा एवढाच: अॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथिल, शिसं, तांबं. जो वर, तो जास्त क्रियाशील. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो आणि त्याची जागा घेतो. दोन धातू एकमेकांना चिकटून ओलीत राहिले तर वरचा झिजतो आणि खालचा वाचतो.

जीआय तारेचं सगळं गणित यात आहे. जस्त लोखंडाच्या वर आहे, म्हणून तारेला ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजतं आणि उघड्या लोखंडाला वाचवतं. कल्हईचं तसं नाही. कल्हई म्हणजे कथिल, ते लोखंडाच्या खाली आहे, म्हणून लोखंडाला ते नुसतं झाकतं. नाशिकच्या भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना वरचेवर कल्हई लागायची. कल्हई गेली की पितळ उघडं पडतं, आणि त्यात ताक-चिंच ठेवली की कळकतं. रंगाचंही तेच. रंग नुसतं झाकतो. एका ठिकाणी पोपडा उडाला की गंज आतून सरकत जातो. जस्त मात्र राखण करतं, पण संपेपर्यंतच.

आता आकडे. जस्ताचा थर ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. 70 ग्रॅम म्हणजे साधारण 10 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दहा. 240 ग्रॅम म्हणजे साधारण 34 मायक्रॉन. एकाच हवेत जस्त जवळपास ठरावीक गतीनं झिजतं, म्हणून तिप्पट जस्त म्हणजे ढोबळमानानं तिप्पट आयुष्य. नवी असताना दोन्ही तारा सारख्याच चमकतात. डोळ्यांनी फरक कळत नाही, आणि दुकानदाराच्या काट्यावर तर नाहीच नाही.

फरक कळतो मोरचुदानं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दीडशे ग्रॅम मोरचूद विरघळवा, भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. पाणी गार झालं की दोन दुकानांतल्या तारांचे तुकडे धुऊन, पुसून त्यात एक मिनिट धरा. काढून पाण्यात धुवा, कापडानं पुसा, पुन्हा एक मिनिट बुडवा. जस्त आहे तोवर काळपट साका येतो आणि पुसला की निघतो. जस्त संपलं की लोखंडावर लालभडक तांबं चढतं आणि पुसलं तरी जात नाही. कापलेल्या टोकाला लोखंड उघडंच असतं, तिथं लगेच लाल होणार, ते टोक धरू नका. कोणती तार किती बुडव्या टिकली ते मोजा. तपासणी केंद्रात मोरचुदाची चाचणी याच तत्त्वावर करतात. आपली घरगुती तुलना आहे, पण दोन तारांतली डावी-उजवी कळायला पुरेशी. हातमोजे घाला आणि उरलेलं पाणी जनावरांपासून लांब ठेवा.

हाच नियम बोर्डोला. 1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटरला 1 किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चांगला चुना. 1 किलो मोरचुदात पाव किलो तांबं असतं. ते लोखंडी ड्रममध्ये किंवा जीआय बादलीत भिजवलं तर लोखंड आणि जस्त पाण्यात उतरतं आणि विकत घेतलेलं तांबं लाल गाळ होऊन तळाला बसतं. भुरी-केवड्याच्या दिवसात फवारतो तो निळा रंग, औषध राहतं ड्रमला. म्हणून टाकी प्लॅस्टिकचीच.

आणि घासलेला विळा मिनिटभर बोर्डोत बुडवायची जुनी पद्धत सोडू नका. विळा लाल झाला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवा. मोकळं तांबं पान जाळतं हे सगळे सांगतात. तेच तांबं तारेवर ठिबकलं की जस्तही खातं, हे कोणी सांगत नाही. विळा लाल न होणारा बोर्डो पान आणि मांडव दोन्ही सांभाळतो.

आणखी तीन गोष्टी:

1. अँगलला वेल्डिंग केलं, भोक पाडलं की तिथलं जस्त गेलं. तिथं त्याच दिवशी जस्ताचा रंग लावा. अँगल बहुतेक जमिनीलगतच गंजतो, कारण ओल, हवा आणि खताचे क्षार तिथं एकत्र येतात. पायथ्याशी खताचा ढीग टाकू नका.

2. ठिबक धुवायचं अॅसिड जीआय पाइपातून किंवा पितळी व्हॉल्व्हमधून नेऊ नका. अॅसिड जस्त आणि लोखंड दोन्ही विरघळवतं. पितळ म्हणजे तांबं-जस्ताचा मिश्रधातू, त्यातलंही जस्त आधी निघतं.

3. मोटारीची तांब्याची केबल अॅल्युमिनियमच्या तारेला नुसती पिळू नका. तो सांधा ओलीत झिजतो, तापतो आणि जळतो. दोन धातूंचा जोड मिळतो, तो बसवून घ्या.

कृषी सल्लागार मंडळींना एक विनंती. फवारणीचं वेळापत्रक तुम्ही तारखेनिशी देता. मांडवाच्या अंदाजपत्रकात मात्र गेज आणि किलो एवढंच असतं. त्यात जस्ताचे ग्रॅम लिहायला सुरुवात करा. बाग बारा-पंधरा वर्षं धरायची म्हणतो आणि तार सहा वर्षांची घेतो, मग ऐन मालाच्या भारात, अवकाळीच्या वाऱ्यात मांडव बसतो. त्या दिवशी तारेचे वाचवलेले पैसे मोजायला कोणी येत नाही.

जाड जस्ताची तार किलोला महाग पडते, हे खरं. पण भाव वर्षावर काढा. तारेचा खर्च भागिले ती टिकेल तेवढी वर्षं. मग स्वस्त कोणती ते आपोआप दिसेल. बिलावर जस्ताचे ग्रॅम लिहून मागा. दहा शेतकऱ्यांनी मागितलं की दुकानदार आपोआप तसा माल ठेवेल.

मोरचुदाची चाचणी करून बघा आणि किती बुडव्या टिकली ते इथं लिहा. सगळ्यांच्या कामाला येईल.