उसाचे इंधन आणि जुनी ब्रिटिश गाडी

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची एक चिलखती गाडी आहे. ‘सिल्व्हर घोस्ट’ या गाजलेल्या मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि फिरता मनोरा चढवून अशा गाड्या पहिल्या महायुद्धाच्या काळात घडवल्या गेल्या. याच संग्रहालयात चर्चिल आणि सेंच्युरियन हे ब्रिटिश रणगाडेही आहेत. संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. पण ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांशी या शहराचा परिचय त्याहून पुष्कळ जुना आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही इथेच आहे.

याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामापासून सहकारी साखरेचे पर्व सुरू झाले. आज कारखान्यांना साखरेइतकाच इथेनॉलचा आधार वाटतो. उसाच्या मळीपासून किंवा थेट रसापासून बनणारा हा मद्यार्क तेल कंपन्या विकत घेतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात. जुनी ब्रिटिश गाडी सांभाळणाऱ्याचा आणि ऊस पिकवणाऱ्याचा संबंध आता पेट्रोल पंपावर येतो, आणि तो थोडा अवघड आहे.

आधी गाड्यांविषयी. जुनी ब्रिटिश गाडी म्हटले की संस्थानिकांच्या मोटारी डोळ्यांसमोर येतात, पण या घराण्यातली आपल्याला सर्वांत जवळची गाडी ॲम्बेसिडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीन या गाडीवरून हिंदुस्तान मोटर्सने ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधील उत्तरपाडा येथे बनवायला घेतली आणि २०१४ पर्यंत बनवली. तिच्यात दीर्घकाळ वापरलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी-सीरिज’ इंजिन. एमजीए या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्येही तेच होते. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ट्रायम्फ. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, बागायतदारांच्या दारात उभ्या असलेल्या या गाड्यांमुळे आपल्याकडच्या मेस्त्रींच्या दोन पिढ्या ब्रिटिश यंत्रावर शिकल्या.

आता इंधनाविषयी. देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये गाठले गेले. वीस टक्क्यांचे पेट्रोल, म्हणजे ‘ई-२०’, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर येऊ लागले. २०३० साठी ठरवलेले हे उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे, २०२५ वर, आणले होते आणि ते पूर्णही झाले. आता सर्वसाधारण पंपावर ग्राहकाला निवड उरलेली नाही.

या धोरणामागची कारणे खरी आहेत. आपण कच्च्या तेलासाठी परदेशावर अवलंबून आहोत. साखरेला भाव नसला की कारखान्याकडे पैसा अडकतो आणि कायद्याने चौदा दिवसांत द्यायचे उसाचे पैसे थकतात. इथेनॉलची रक्कम तेल कंपन्यांकडून त्या मानाने लवकर मिळते. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात याचे मोल कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या डिसेंबरात पाऊस कमी म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंधने घातली, तेव्हा कारखान्यांचे हिशेब कसे विस्कटले, हे इथल्या सभासदांनी जवळून पाहिले आहे. पाण्याचा आणि अन्नधान्याचा प्रश्न या धोरणाला चिकटलेला आहेच. त्याची चर्चा वेगळी व्हायला हवी.

जुन्या गाडीला हे इंधन का मानवत नाही, हे समजण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली हवा आणि इंधनाच्या प्रमाणाची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याला सुमारे ९ किलो पुरते. ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. आजच्या गाडीत धुराड्यातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक असतो आणि संगणक त्यानुसार इंधन वाढवतो. कार्बोरेटरला असे काही कळत नाही. तो ठरलेल्या छिद्रातून ठरलेलेच इंधन सोडतो, मिश्रण पातळ पडते, इंजिनाला उचल राहत नाही आणि व्हॉल्व्ह जास्त तापतात.

दुसरी गोष्ट साहित्याची. १९५०-६० च्या दशकांतील रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा म्हणजे डायफ्राम, कार्बोरेटरमधील बुचाच्या किंवा रबराच्या गॅस्केटी या सगळ्या शुद्ध पेट्रोल गृहीत धरून बनवल्या होत्या. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते, मऊ पडते आणि पुढे चिरते. तडकलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर थेंब पडले तर गाडी पेट घेऊ शकते. मायलेज घटणे हा खिशाचा प्रश्न आहे, नळी गळणे हा जिवाचा आहे, आणि म्हणून आम्ही तो आधी मांडतो. शिवाय इथेनॉल चांगला द्रावक आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर तो सोडवतो आणि तो गाळ फिल्टरमध्ये, जेटमध्ये येऊन अडकतो. टाकीची गळती बंद करायला आतून लावलेला जुना लेपही सुटतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीत इंधन संपत राहते, त्यामुळे फारसे बिघडत नाही. जुनी गाडी मात्र महिना महिना उभी असते. भंडारदरा-घाटघरकडच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दोन महिने राहिली तर आतल्या हवेतला ओलावा इंधनात उतरतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. इंधन खेचणारी नळी तळाशीच असते. गाडी सुरू होत नाही, आणि तो थर पत्र्याला व कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूला गंजवत राहतो. ई-२० मध्ये ई-१० पेक्षा अधिक पाणी सामावते हे खरे. पण थर फुटलाच, तर खाली साचणारे द्रवही अधिक असते.

उन्हाळ्याची अडचण याहून जुनी आहे. इंजिनाला चिकटून बसवलेला पेट्रोल पंप घाटात इतका तापतो की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. पंपावर ओले फडके गुंडाळून गाडी पुढे काढण्याची युक्ती माळशेजच्या किंवा चंदनापुरीच्या चढावर ॲम्बेसिडर चालवलेल्या माणसाला ठाऊक असते. इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळले की इंधनाचा बाष्पदाब वाढतो, म्हणून हा त्रास कमी होण्याची आशा नको.

यापैकी बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत, आणि ते आपल्या गॅरेजमध्ये होऊ शकतात. नळ्या, डायफ्राम आणि सील फ्लोरीनयुक्त कृत्रिम रबराचे बसवावेत. हे रबर इथेनॉलला दाद देत नाही. टाकी उतरवून धुवावी, गंज काढावा, पारदर्शक फिल्टर लावावा आणि पहिल्या काही टाक्यांत तो वारंवार पाहावा. लांब सुट्टीवर जाणाऱ्या गाडीची टाकी पूर्ण भरावी, किंवा टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करावेत.

मिश्रण लावणे हे मात्र हाताचे कसब आहे. अनेक ब्रिटिश गाड्यांवर एसयू बनावटीचा कार्बोरेटर असतो. त्यात इंजिनाच्या ओढीप्रमाणे एक पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटच्या छिद्रातून सरकते. सुई जितकी वर, तितके पेट्रोल अधिक. जेटखालचा नट फिरवून जेट खाली आणला की मिश्रण दाट होते. इंजिन गरम असताना मेस्त्री पिस्टन केसभर उचलतो. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट आहे, इंजिन बंद पडू लागले तर पातळ आहे, आणि क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावला तर बरोबर आहे. नट फिरवल्याने सर्व वेगांवरचे मिश्रण एकदमच बदलते. ई-२० साठी काही गाड्यांना वेगळ्या निमुळतेपणाची सुईच लागते, आणि कोणती सुई लागेल हे प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून, प्लगचा रंग पाहून ठरवावे लागते.

हे जाणणारे मेस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. नव्या मुलांनी संगणक जोडून दोष वाचायला शिकलेले असते, आणि ते आवश्यकच आहे. पण १९५० च्या आधीच्या ब्रिटिश गाडीचे नट व्हिटवर्थ मापाचे असतात आणि त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे झिजतात, हे सांगणारा कोणी शेजारी उभा लागतो. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी एखादा छोटा अभ्यासक्रम या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली चालवला, तर खर्च नगण्य आणि लाभ मोठा आहे.

इंधन बदलल्याचा हा पहिलाच प्रसंग नाही. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. बी-सीरिज इंजिनाच्या बिडाच्या हेडमध्येच व्हॉल्व्हची बैठक कापलेली असते आणि शिशाचा पातळ थर तिची झीज रोखत असे. शिसे गेल्यावर कठीण पोलादाच्या बैठका बसवण्याचा उपाय सापडला. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक होते, तेव्हा तो निर्णय निर्विवाद योग्य होता. फरक इतका की ते काम एकदा केले की संपत असे. इथेनॉलबाबत गाडीच्या वापराची पद्धत कायमची बदलावी लागते, आणि प्रमाण पुढे आणखी वाढणार असेल तर सुई पुन्हा बदलावी लागेल.

इतर देशांनी काय केले? ब्राझीलमध्ये इथेनॉलचे प्रमाण आपल्याहून जास्त आहे, पण तिथे या इंधनाची वाटचाल १९७० च्या दशकापासून सुरू आहे आणि २००३ पासून कोणत्याही प्रमाणाशी जुळवून घेणाऱ्या गाड्या विकल्या जात आहेत. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांचे पेट्रोल सर्वसाधारण केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांपर्यंतचे पेट्रोल मोठ्या पंपांवर ठेवले. ते महाग असते, पण मिळते.

आपल्याकडेही हा विचार झाला होता. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या इथेनॉल आराखड्यात जुन्या वाहनांसाठी ई-१० हे ‘संरक्षक इंधन’ म्हणून उपलब्ध ठेवावे, असे सुचवले होते. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटेल, असा अंदाजही त्यात होता. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा मार्ग बंद झाला तरी धोरणाचा मार्ग खुला आहे, आणि सरकारच्याच आराखड्यातील शिफारस अमलात आणायला कोणाची हरकत नसावी.

जुन्या वाहनांचा वारसा जपला पाहिजे, हेही सरकारने आधीच मान्य केले आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येते. तिला लागणारे पेट्रोल देशाच्या खपात मोजण्यासारखेही नसते. एका हाताने वारसा म्हणून नोंद करायची आणि दुसऱ्या हाताने तिला न मानवणारे इंधनच तेवढे द्यायचे, हे विसंगत आहे.

आमचे मत असे की इथेनॉलचे धोरण चालू राहावे आणि त्यासोबत प्रत्येक जिल्ह्यात निदान एका पंपावर कमी इथेनॉलचे पेट्रोल, वाजवी जादा दराने, मिळावे. शंभर ऑक्टेनचे महागडे पेट्रोल हा त्याचा पर्याय नव्हे. ते मोजक्या मोठ्या शहरांत मिळते आणि कमी दाबाच्या जुन्या इंजिनाला एवढ्या ऑक्टेनची गरजही नसते. प्रत्येक पंपावर इथेनॉलचे नेमके प्रमाण ठळक लिहिलेले असावे, म्हणजे मेस्त्रीला सुई लावताना अंदाज करावा लागणार नाही. कार्बोरेटरच्या गाड्यांवर ई-२० चा दीर्घ परिणाम तपासण्याचे काम पुण्याची वाहन-संशोधन संस्था एआरएआय आणि आपली व्हीआरडीई यांनी मिळून करावे आणि निष्कर्ष मराठीतही प्रसिद्ध करावेत.

हे अशक्य नाही, याचे कारण मिश्रणाच्या पद्धतीतच आहे. पेट्रोल तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघते तेव्हा त्यात इथेनॉल नसते. ते सर्वांत शेवटी, टँकर पंपांकडे निघण्यापूर्वी, डेपोत मिसळले जाते. कमी मिश्रणाचा एखादा टँकर वेगळा भरण्यासाठी नवा कारखाना उभारावा लागत नाही. तेल कंपनीने तशी सूचना द्यावी लागते आणि पंपावर एक टाकी राखून ठेवावी लागते.