पिंपातला गाळ आणि निळी गोळी

दोस्तांनो, सरकारी किंवा अनुदानित शाळेत सहावीच्या पुढे असाल, तर आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ठाऊक आहे ना? तोंड वेडंवाकडं करून गिळता ती! तिच्यात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड असतं. त्याचा माग लागला तो चक्क बिअरच्या पिंपातल्या गाळातून. आणि तोही आपल्या मुंबईत!

मोड आलेल्या सातूच्या गोड पाण्यावर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव ताव मारतात, तेव्हा बिअर बनते. (पावाचं पीठ फुगतं ते याच मंडळींमुळे.) बिअर काढून घेतली की मागे यीस्टचा चिकट लगदा उरतो. इंग्लंडमधल्या बर्टन गावात बिअरचे मोठमोठे कारखाने होते. एवढ्या लगद्याचं करायचं काय? जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी दाखवलं होतं, की त्याचा अर्क खाता येतो. १९०२ साली बर्टनला त्याचा कारखाना निघाला. युक्ती मोठी मजेशीर! लगद्यात मीठ घालून तो ऊबेत ठेवायचा. मग यीस्टच्या पेशींतली पाचक द्रव्यं त्या पेशींनाच पचवून टाकतात! साली गाळायच्या, रस आटवायचा, की झाला मार्माइट तयार. दिसतो काकवीसारखा, पण लागतो खारट. फसू नका!

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका पंडुरोगानं फिक्या पडत, कित्येकजणी दगावत. रोगजंतू काही सापडेना. मग बाईंनी या बायका रोज काय जेवतात, याचीच चौकशी सुरू केली. गरिबांच्या ताटात भाजी-फळं जवळजवळ नसतच, आणि आजारी पडत त्याही गरीबच. पंडुरोगावर तेव्हा यकृताचा अर्क देत, पण तो महाग. बाईंनी स्वस्तातला मार्माइट देऊन पाहिला. चार-पाच दिवसांत रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, मेलेली भूक परत आली! १९३१ साली बाईंनी हे प्रसिद्ध केलं. पुढे परळच्या हाफकिन संस्थेत माकडांवरही तोच अनुभव आला.

मार्माइटमधला गुणकारी पदार्थ कोणता, हे मात्र कोडंच राहिलं. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून फॉलिक. तुमच्या गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड आता यीस्टपासून नव्हे, रसायनांपासून बनवतात. आणि हो, ताटात बाजूला सारलेल्या पालकात ते असतंच!