पिशवी गेली, प्रश्न उरला

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले. सरकारी समितीसाठी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे निष्पन्न झाले. चर्चा झाली ती मुकादमाच्या उचलीची, खाडा पडला की होणाऱ्या दंडाची आणि खासगी रुग्णालयांच्या नफेखोरीची. ती योग्यच होती. परंतु त्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला : यांतील ज्या स्त्रिया अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेल्या, त्यांचा तो त्रास मुळात कशाचा होता?

गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनमुळे वाढते आणि बीजविमोचनानंतर स्रवणारे प्रोजेस्टेरॉन त्या वाढीस आवर घालते. बीजविमोचन झालेच नाही, तर हा आवर नाहीसा होतो; अस्तर जाड होत जाते, पाळी महिनोन्‌महिने लांबते आणि मग पंधरा-पंधरा दिवस रक्तस्राव थांबत नाही. इस्ट्रोजेन केवळ बीजकोशांतच निर्माण होते असेही नाही. चरबीच्या पेशींतही ते तयार होते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तात इन्सुलिन वाढते, त्यायोगे बीजविमोचन बिघडते आणि इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारे प्रथिनही घटते. मधुमेही स्त्रीला अस्तराच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट असतो आणि अतिस्थूल स्त्रीला त्याहूनही अधिक, याचे मूळ येथे आहे.

हे सुखवस्तूंचे दुखणे आहे, अशी समजूत चळवळीतही आढळते. ती आता टिकणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झाले. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. स्वस्त धान्य, साखरेचा चहा व तळकट वडापाव यांवर दिवस काढावयाचा आणि डाळ, दूध, भाजी परवडत नाही, अशा आहारात वाढते वजन व रक्तक्षय एकाच घरात, कित्येकदा एकाच देहात नांदतात. शिवणयंत्रापुढे दहा तास बसणाऱ्या बाईला ‘चालत जा, वजन उतरवा’ असे सांगणे सोपे आहे. तिने चालावे केव्हा, हे मात्र सांगणारा सांगत नाही!

ऊस तोडणारी स्त्री बहुधा काटकच असते. तिच्या त्रासाची कारणे वेगळी, संसर्गाची वा अतिश्रमाची असू शकतात. पण तिचीही तपासणी होत नाही. परिणामी एकीकडे निरोगी गर्भाशयावर सुरी चालते, तर दुसरीकडे पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलेली स्त्री ‘उष्णता झाली’ म्हणून घरी बसते. हे लक्षण कर्करोगाचे असू शकते. बाह्यरुग्ण विभागातच अस्तराचा छोटा नमुना घेऊन निदान करता येते आणि प्रारंभिक जाडी बहुधा प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांनी उतरते. वजनात पाच-दहा टक्के घट झाली तरी अनेकींचे बीजविमोचन पूर्ववत होते. उलट, ऐन तारुण्यात पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले, तर हाडे ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे एक दुखणे मिटवताना दुसरे विकत घेतले जाते, तेही उचल घेऊन.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. ही तत्त्वे शस्त्रक्रियेच्या दारावर पहारा बसवतात; त्या दारापर्यंत येण्याची वाट मात्र तशीच राहते. असंसर्गजन्य रोगांच्या सरकारी तपासणीत मधुमेह, रक्तदाब व तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात. त्याच वेळी पाळीविषयी दोन प्रश्न विचारावयास आणि संशयित स्त्रीला नमुन्यासाठी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवावयास नवे यंत्र लागत नाही. लागते ती भरलेली डॉक्टरची जागा आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी भरून देण्याची तयारी. ऊसतोड कामगारांच्या पुढील मागणीपत्रात मजुरीच्या दराखालोखाल ही बाब लिहिली गेली पाहिजे.