लोटा आणि नळ

माझ्या लहानपणी आमच्या घरी नळ नव्हता. मोहल्ल्यातल्या आडावरून पाणी आणावे लागे. अंगणात मातीचा रांजण असे आणि त्याच्या झाकणावर तांब्याचा एक लोटा उपडा ठेवलेला असे. तोंड धुणे असो की वुजू, एका लोट्यात काम झाले पाहिजे, अशी दादीअम्मांची शिस्त होती. दुसरा लोटा भरायला गेलो की त्या विचारत, "पहिल्याचं पाणी गेलं कुठे?"

पुढे घरात नळ आला आणि लोटा माळ्यावर गेला. खरे सांगायचे तर मला त्याचा आनंदच झाला. लोटा म्हणजे गरिबीची खूण आणि नळ म्हणजे मोठेपणा, असे मला वाटत असे. आज शिक्षक झाल्यावर वाटते, माझे चुकले होते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याची एवढी टंचाई झाली की मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मिरज तेथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली, तेव्हा तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लातूरमध्ये नळ नव्हते का? होते. श्रीमंतांच्या घरी होते, गरिबांच्या घरीही होते. पण नळ पाणी तयार करीत नाही. तो फक्त पाणी आणून देतो. ही साधी गोष्ट आपण विसरतो.

एकदा वर्गात आम्ही एक प्रयोग केला. एका मुलाने नळ सुरू ठेवून हातपाय आणि तोंड धुतले. खाली बादली ठेवली होती. त्याचे होईपर्यंत बादली भरून वाहू लागली. दुसऱ्या मुलाने तेच काम लोट्याने केले. त्याला दीड लोटा पाणी लागले. दोघेही सारखेच स्वच्छ झाले होते! मग बादलीतले बाकीचे पाणी कोणासाठी गेले? या प्रश्नावर सारा वर्ग गप्प झाला.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. हजरत मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे मोठ्या माणसाची एक ओंजळ, म्हणजे एक लिटरपेक्षाही कमी. आपले हिंदू शेजारीही पाण्याला पवित्र मानतात. मराठीत तर 'जीवन' या शब्दाचा एक अर्थ पाणी असाच आहे. उन्हाळ्यात कोणी सबील लावतो, कोणी पाणपोई उघडतो. नावे वेगळी, पण तहानलेल्याला पाणी देण्याची भावना एकच.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे पाणचक्की आहे. संधी मिळाली तर ती जरूर पाहा. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून तेथे आणले होते. उंचावरून पडणाऱ्या त्या पाण्याने चक्की फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या लोकांसाठी पीठ दळले जाई. त्याच पाण्याने हौद भरे. हौदाच्या खाली एक दालन आहे. वरच्या पाण्यामुळे ते उन्हाळ्यातही थंड राहते. एकाच पाण्याकडून किती कामे घेतली, पाहा! आपण मात्र तांदूळ धुतलेले पाणी झाडाला घालायचाही कंटाळा करतो.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "सर, मग जुने दिवसच चांगले होते का?" नाही. डोक्यावर हंडे वाहून दादीअम्मांची मान कायमची दुखू लागली होती. माझ्या फूफीची शाळा पाण्याच्या खेपांमुळेच सुटली. त्या काळची काटकसर बहुतेक बायकांच्या आणि मुलींच्या कष्टांवर उभी होती. ते दिवस परत यावेत, असे मी कधीच म्हणणार नाही. नळ प्रत्येक घरी हवाच. पण नळाखाली लोटाही हवा आणि तो धरायची शिस्त मुलींइतकीच मुलांनाही हवी.

आणखी एक शंका खरी आहे. रस्त्याखालचे नळ फुटतात, टाक्या भरून वाहतात. मग आपल्या एका लोट्याने काय होणार? फुटलेले नळ दुरुस्त करणे हे मोठ्यांचे आणि सरकारचे काम आहे. त्याबद्दल तुम्ही जरूर विचारा, अर्ज लिहा. मात्र ज्याच्या स्वतःच्या घरचा नळ रात्रभर गळतो, त्याच्या प्रश्नाला वजन राहत नाही.

काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक आहे. कंजूष माणूस दुसऱ्याला देत नाही. काटकसर करणारा दुसऱ्यासाठी शिल्लक ठेवतो. थेंबे थेंबे तळे साचे, हे तुम्ही वाचले आहे. तळे थेंबाथेंबाने रिकामेही होते, हेही लक्षात ठेवा.

आमचा तो जुना लोटा मी माळ्यावरून खाली काढला आहे. चिंच लावून घासल्यावर तो पुन्हा चमकू लागला. आता माझी मुलगी दुसरा लोटा भरायला जाते, तेव्हा मी तिला दादीअम्मांचाच प्रश्न विचारतो. एकदा तिने मलाच विचारले, "अब्बा, दाढी करताना तुम्ही नळ का बंद करीत नाही?" मी लगेच नळ बंद केला.