ब्लँकेट वाटणाऱ्या दोस्तांनो

तुमचे फोटो पाहिले. झोपलेल्या म्हातारीला उठवून तिच्या हातात ब्लँकेट दिलंय, मागं तुम्ही पाचजण, वर मंडळाचा बॅनर. म्हातारी उजेडाकडं बघतीय. तिला वाटलं असंल, पोलीस आले.

राग येतोय? येऊ द्या.

ते ब्लँकेट तिच्याकडं किती दिवस टिकतं? एके सकाळी गाडी येते, पथारी, भांडी, कागदपत्रं सगळं उचलून नेते. मग पुढच्या सहा डिसेंबरला आपण पुन्हा वाटायला मोकळे. अरे, हा तर शेटजीचा धंदा, अमावस्येला पुण्य कमवायचा. आपण कधीपासून धरला?

हक्क कागदावर हाय. सुप्रीम कोर्टानं २०१० साली सांगितलं, मोठ्या शहरात लाख वस्तीमागं एक निवारा, बारा महिने, चोवीस तास. २०१३ च्या केंद्राच्या योजनेत माणशी ५० चौरस फूट जागा लिहिली. नुसतं छप्पर नव्हे, तिथून रेशनकार्ड, दवाखाना, पोरांची शाळा जोडून द्यायची. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे पाहिजेत. तुमच्या वॉर्डातला कुठं हाय, पत्ता सांगा बघू! आमच्या मंडळात विचारलं. डी.जे.चा भाव सगळ्यांना तोंडपाठ, निवाऱ्याचा पत्ता एकालाबी नाही. मलाही नव्हता, खोटं कशाला बोलू.

डांबायला मात्र या व्यवस्थेकडं जागा असते. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा काढून वाचा. हात पसरला तरच भिकारी, असं नाही. पोटाचं साधन दिसत नाही आणि रस्त्यावर हिंडतोय, एवढंसुद्धा त्यात भीकच. वॉरंटशिवाय धरायचं, पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं आत. दिल्ली हायकोर्टानं २०१८ साली आपल्या हद्दीपुरती त्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडं त्यावर एक मोर्चा तरी काढला का आपण?

१९१७ साली बडोद्यात पारशी सराईतून बाबासाहेबांना काढलं. कोलंबिया, लंडन करून आलेला माणूस सामान घेऊन बागेत बसला. शहरभर त्याला छप्पर नव्हतं, कारण जात. त्यांना तेव्हा कुणी ब्लँकेट आणून दिलं असतं, तर प्रश्न मिटला असता काय?

हेच बाबासाहेब १९२८ साली सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागत होते. तेव्हा मत मालमत्तेवर मिळायचं. आता कार्यालयातला बाबू पत्ता मागतो आणि फुटपाथवरचा माणूस परत फिरतो. नगरसेवक त्याच्याकडं ढुंकून बघत नाही, कारण तो यादीत नाही. पण निवडणूक आयोगाचाच नियम हाय, बेघराला पत्त्याचा कागद लागत नाही. सहा नंबरच्या फॉर्मात तो झोपतो ती जागा लिहायची. बी.एल.ओ.नं एकाहून जास्त रात्री तिथं जाऊन बघायचं. झोपलेला दिसला, की तोच पुरावा.

तर रविवारी रात्री अकराला फॉर्म घेऊन या. कॅमेरा घरी ठेवा. पथारीवर चपला घालून चढू नका, ते तिचं घर हाय. शंभर नावं यादीत चढली, की त्याच शंभर जणांना पुढं घालून वॉर्ड ऑफिसात निवारा मागायला जाऊ.

आणि त्या म्हातारीचं नाव कुणी विचारलं असंल तर कळवा. फॉर्मात लिहावं लागंल.